सोनूबाईच्या जिभेवरचा थेंब

मी खमीर बोलतोय. जालन्यात मस्तगडच्या उतारावर बद्रीनाथशेठचं जिलेबीचं दुकान आहे. तिथं भट्टीच्या डाव्या हाताला कोनाड्यात एक मातीचं मडकं दिसतं, तोंडावर ओलं फडकं बांधलेलं. त्यात माझा मुक्काम. फडकं उचलाल तर बुडबुडे दिसतील, आंबूस वास येईल. पण नाक वर करू नका. काल सकाळी उभ्या उभ्या पाव शेर जिलेबी रिचवलीत ना, तिच्या पोटातली ती हलकी जाळी माझ्याच हातची.

आमचे एक गिऱ्हाईक आहेत, भुजंगराव मास्तर. रोज सकाळी शाळेत जाता जाता यायचे आणि जिलेबीचा पाक मिशीवरून पुसत सांगायचे, "शेठ, मी डबलरोटीला शिवत नाही. त्यात खमीर घालतात म्हणे. आंबलेलं, सडलेलं खाणं आपल्याला चालत नाही." मी दोन हातांवर बसलेला. बद्रीनाथशेठ मान डोलावून म्हणायचा, "बराबर हाय मास्तर. अजून दोन वेढे घ्या." गिऱ्हाइकाची समजूत आणि गिऱ्हाइकाची भूक, दोन्हींना हात लावू नये, हा शेठचा नियम. शेठ शाळेत कधी गेला नव्हता. जे शिकला ते दुकानात, आणि त्याच्याबरोबर मीही. म्हणून माझ्या बोलण्याला दुकानाचा वास येईल, तो गोड मानून घ्या.

मी एकटा नाही. डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव मिळून मी आहे. ओलावा, ऊब आणि थोडं गोड मिळालं की आम्ही जागे होतो, खातो, फुगवतो, वाढतो. माझी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. वाटूरच्या बाजारात कडूबा नावाचा जिलेबीवाला होता. त्याच्या आज्यानं कधीतरी मैद्यात दही कालवून उबेला ठेवलं, तिथून माझी वंशावळ. पीठ वापरून झालं की मडक्याच्या तळाला पळीभर ठेवायचं आणि त्यावर नवा मैदा, नवं पाणी घालायचं. ती तळाची पळी म्हणजे मी. मडकी फुटली, माणसं गेली, पळी राहिली.

अठ्ठेचाळीस सालच्या भादव्यात बद्रीनाथ वाटूरच्या बाजाराला आला. तेव्हा तो जिलेबीवाला नव्हता, बत्तासे आणि रेवड्या विकायचा. बाजार उठला आणि पोलीस ॲक्शन सुरू झाली. रस्ते बंद, गाड्या बंद, कुणाचा निरोप कुणाला पोचेना. जालन्याला परतायची दीड दिवसाची वाट, पण बद्रीनाथ दहा दिवस कडूबाच्या घरी अडकला. बसून खाणं व्यापाऱ्याच्या रक्तात नसतं. त्यानं भट्टीला लाकडं घातली, पाक ढवळला, आणि मडक्यात डोकावून डोकावून मला न्याहाळलं.

निघताना कडूबानं मला पिठात घट्ट मळून गोळा केला आणि पळसाच्या पानात बांधून त्याच्या हाती दिला.

"काय द्यायचं याचं?" बद्रीनाथनं विचारलं.

"येड लागलं का शेठ? खमीर इकत न्हाई देत. खमीर अन् पाणी, मागणाराला न्हाई म्हणायचं न्हाई. एकच ध्यानात ठेव. किती बी घाई असली तरी तळाला पळीभर ठेवायचं. समदं वाढून मोकळा झालास की संपलास."

असा मी जालन्याला आलो. भर दुपारी बद्रीनाथ दारात उभा राहिला. आतून त्याची बायको आली. हीच सोनूबाई. डोळे खोल गेलेले, हातात उलथनं तसंच. तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आलात?"

"आलो. अन् हे घेऊन आलो. जपून ठेव."

तिनं मला दोन्ही हातांनी घेतलं. मग भाकरी थापली, पिठलं केलं, नवऱ्याला वाढलं. चुलीजवळ अकरा वर्षांची शरयू आईकडे टक लावून बसली होती.

"तू न्हाई जेवत?" बद्रीनाथनं तोंडातल्या घासाबरोबर विचारलं.

"आज सोमवार हाय माझा."

"कवापासून?"

"आजपासून."

बद्रीनाथनं पुढं विचारलं नाही. माणूस भुकेला असला की विचारत नाही आणि पोट भरलं की विसरतो. सोमवारामागून गुरुवार आला, गुरुवारामागून शनिवार. वर एकादशी-चतुर्थी होत्याच. घराला त्याची सवय झाली, जशी भिंतीवरच्या खुंटीची होते.

पहिल्या महिन्यातली आमची जिलेबी म्हणजे काय सांगू! मस्तगडच्या कुत्र्यांनी वास घेतला आणि विचार करून पुढं गेली. कधी चपलेच्या तळव्यासारखी चपटी, कधी इतकी आंबट की पाकही हात टेकायचा. बद्रीनाथला माप कळत होतं, माझी वेळ कळत नव्हती. थंडीत मी आळशी, उन्हाळ्यात उतावळा. मला घड्याळ लावून चालत नाही.

ती वेळ सापडली सोनूबाईला. एका सकाळी तिनं बोटाच्या टोकावर माझा थेंब घेतला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. "सकाळचं ताक दुपारी लागतं ना, तितकं आंबट झालं की सोडा," ती म्हणाली. त्या दिवशी तईत, म्हणजे आमच्या पसरट कढईत, पडलेला पहिला वेढा टम्म फुगून वर आला आणि बद्रीनाथनं आनंदानं स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. हात गरम झाऱ्याला लागून पोळला होता, ते त्याला नंतर कळलं.

तेव्हापासून तो रिवाजच झाला. भट्टी पेटली, तूप तापलं, की बद्रीनाथ भोक पाडलेलं फडकं हातात धरून विचारायचा, "काय म्हणतंय?" सोनूबाई थेंब चाखायची. "दोन घटका थांबा," म्हणाली की दारात दहा गिऱ्हाइकं असली तरी शेठ थांबायचा. "सोडा," म्हणाली की धार सुटायची. शेठला स्वतःच्या जिभेचा भरवसा नव्हता. तंबाखूनं ती कधीच मारली होती. दुकान शेठच्या नावाचं, पण चालायचं सोनूबाईच्या जिभेवर.

एक गोष्ट मात्र मीच पाहत होतो. उपासाच्या दिवशी ती मला चाखायची आणि लगेच चूळ भरायची. मैदा पोटात गेला तर उपास मोडेल ना! उपासाला दोन घास साबुदाणा आणि चहा. ज्या दिवशी उपास नाही त्या दिवशी दुकानाची घाई. सगळ्यांना भाकरी-भाजी वाढेपर्यंत तिची भूक मरायची. मग परातीतला जिलेबीचा चुरा आणि पुन्हा चहा. मिठाईवाल्याच्या घरात कुणी उपाशी असेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का?

वर्षं बरी गेली. निजाम गेला, मागून हैदराबाद राज्य गेलं, आम्ही मुंबई राज्यात आलो. मडकं जागचं हललं नाही. शरयूचं लग्न झालं आणि ती जवळच्या टेंभुर्णीला नांदायला गेली. तिच्या लग्नातल्या जिलेबीची आठवण लोक अजून काढतात, हे माझ्या तोंडून बरं दिसत नाही, तरी सांगून ठेवतो.

सत्तावन्न साल उजाडलं आणि घात झाला.

एका सकाळी मी अजून झोपेतच होतो, आणि सोनूबाई म्हणाली, "सोडा." जिलेबी तईत पापडासारखी पसरली. दुसऱ्या दिवशी मी आंबून आंबून थकलो तरी ती म्हणे, "दोन घटका थांबा." भुजंगराव मास्तरांनी पहिला घास घेतला आणि एक डोळा मिटला.

"शेठ, ही जिलेबी का कैरीचं लोणचं?"

गिऱ्हाइकं हसली, शेठही हसला. पण गर्दी ओसरल्यावर तो आत आला.

"सोनू, झालं काय तुला?"

तिनं तोंड उघडून दाखवलं. जीभ लालभडक, गुळगुळीत, जशी सोललेली. ओठांचे कोपरे चिरलेले.

"महिना झाला. मला काही लागतच न्हाई. मीठ बी न्हाई अन् आंबट बी न्हाई. नुसती आग होती."

"मंग रोज सोडा, थांबा, कशी म्हणत होतीस?"

"अंदाजानं."

"अगं, अंदाजानं भाव सांगतेत, चव न्हाई!" शेठ ओरडला, पण ते ओरडणं अर्ध्यातच पडलं. बायकोकडे त्यानं बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं. चेहरा पिठासारखा. पाण्याचा हंडा घेऊन ती तीन पायऱ्या चढली आणि चौथीवर बसून राहिली. त्या दिवशी शेठनं दुकान भर बाजारात बंद केलं आणि तिला घेऊन डॉक्टरकडे गेला.

मार्तंडराव डॉक्टर भला माणूस. तिथलं मी मागून घरात ऐकलं. त्यांनी जीभ पाहिली, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली. "अंगात ब जीवनसत्त्वाचा तुटवडा आहे," म्हणाले आणि तपकिरी गोळ्यांची बाटली दिली. सोनूबाईनं बाटलीचं बूच काढलं आणि चव गेली तरी नाक शाबूत होतं म्हणून दचकली.

"अहो, हे तर आपलं मडकं!"

डॉक्टर हसले. "बराबर ओळखलंत वहिनी. हे यीस्ट. तुमच्या खमिराचाच भाऊबंद, मारून, वाळवून गोळी केलेला."

एवढं बोलून ते पुढच्या रोग्याकडे वळले. डॉक्टरांनी तिथं एक वाक्य जास्त बोलायला हवं होतं. पण बाहेर पंधरा जण खोकत बसले होते.

बद्रीनाथशेठ घरी आला तो हिशेबी चेहऱ्यानं. कोनाड्यासमोर उभा राहिला आणि बायकोला विचारू लागला,

"मेथी ताजी चांगली का वाळलेली?"

"ताजी."

"दूध ताजं का डब्यातलं?"

"ताजंच की."

"मंग खमीर मारलेलं कशाला खायचं? घरात जितं हाय, मडकंभर! मेलेल्यात काय दम असतो?"

धंद्यात वीस वर्षं जो नियम खरा ठरला, तो शेठनं माझ्यावर लावला. गोळ्यांची बाटली देवाच्या फोटोमागं गेली. दुसऱ्या सकाळपासून वाटीभर कच्चं खमीर, वर गुळाचा खडा, सोनूबाईपुढं येऊ लागलं.

"आज शनिवार हाय," ती म्हणाली.

"औषधाला उपास मोडत न्हाई. पी गुमान. तुला एकटीला नको, मी बी घेतो." आणि नाक दाबून शेठनंही वाटी रिकामी केली. माया होती हो त्याची, यात शंका नाही. पण माया आणि माहिती या दोन वेगळ्या पेठा आहेत.

आता माझी कबुली ऐका. जिवंत असताना मी देणारा नाही, घेणारा आहे. माझ्या अंगात ब जीवनसत्त्वाची कोठारं आहेत हे खरं, पण मी जिता आहे तोवर त्या कोठारांना आतून कडी असते. मला कच्चा गिळलात तर पोटातल्या उबेत मी जागा होतो, गूळ खातो, वारा सोडतो. वरून तुमच्या अन्नातलं सत्त्व माझ्याच कोठारात ओढतो. आग लागली, मी मेलो, की मगच कडी निघते. शेठला हे सांगायला मला तोंड नव्हतं. बुडबुडे काढत राहिलो.

आठ दिवसांत सोनूबाईचं पोट नगाऱ्यासारखं झालं. अंगानं खंगत चाललेली आणि पोट पुढं. शेजारची द्वारकाबाई पाणी भरताना टक लावून बघायची. एका दुपारी ती कैरी पदराखाली घेऊन आली आणि खुसखुसत म्हणाली,

"काय गं सोने, ह्या वयात? जावई आला की घरात! आंबट खावंसं वाटतंय का?"

"आंबट लागतच न्हाई बाई मला," सोनूबाई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"पहिल्या महिन्यात मलाबी न्हाई लागायचं," द्वारकाबाईनं समजूत घातली आणि उठून गेली. बाजाराच्या गाडीबरोबर ही खबर टेंभुर्णीला पोचायला दोन दिवस लागले नाहीत.

त्यातच शेठच्या पायाचा अंगठा सुजला. त्याला वाताचं जुनं दुखणं होतं, ते माझ्या वाटीनं भडकलं. अंगठा वांग्यासारखा जांभळा झाला. नुसता चादरीचा काठ लागला तरी शेठ "मेलो मेलो" करायचा. एका खाटेवर तो, एका खाटेवर ती, आणि मधे मी, मडक्यात, दोघांचा गुन्हेगार. दुकानाला फळ्या लागल्या.

तिसऱ्या दिवशी शरयू टेंभुर्णीहून आली. आल्या आल्या तिनं पिशवी आपटली.

"आई, खरं हाय का? माझ्या सासूनं बाळंतविडा बांधायला घेतलाय. मला तोंड दाखवायला जागा न्हाई!"

"कशाचा बाळंतविडा?" खाटेवरून शेठ.

मग आईला जवळून पाहिलं आणि शरयूचा राग उतरला. ती तशीच उलट्या पावली गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली. मार्तंडरावांनी आधी अंगठा पाहिला, मग पोट पाहिलं, मग खाटेखालची वाटी उचलून नाकाशी नेली.

"हे काय?"

"खमीर. ताजं," शेठ अभिमानानं म्हणाला. "तुमच्या गोळीपेक्षा जोरदार."

डॉक्टर खाली बसले. हसावं का रागवावं, त्यांना कळेना.

"शेठ, तुम्ही व्यापारी, व्यापाराच्या भाषेत सांगतो. वाळवून मारलेलं यीस्ट म्हणजे तोंड उसवलेलं पोतं. त्यातलं धान्य अंगाला मिळतं. जितं यीस्ट म्हणजे दुकानात शिरलेलं भुकेलं गिऱ्हाईक. ते देणार काय? तुमच्याच फळीवरचं खाऊन जाईल. वहिनींना सत्त्व हवं होतं, तुम्ही खाणारं तोंड धाडलंत."

शेठचा चेहरा उतरला.

"आणि तुमच्या अंगठ्याला तर हे जितंही नको अन् मेलेलंही नको. वातवाल्यानं याच्या वाटीला जाऊच नये. कुणाला यानं अंगभर खाज उठते. लांबलेल्या आजारानं जो खंगलाय, ज्याच्या आतड्याला जखम आहे, त्याला तर विचारल्याशिवाय देऊ नये. चीज चांगली आहे शेठ, पण कुणाला, किती, कच्ची का शिजलेली, याला किंमत आहे."

मी ऐकत होतो. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

"आणि नुसत्या गोळीनंही भागत नाही," डॉक्टर पुढं म्हणाले. "हा तुटवडा झालाच कसा? वहिनी रोज काय जेवतात?"

शेठनं शरयूकडे पाहिलं.

"कुठल्या पेठेतली साखर कोणत्या हंगामात ओली निघते हे तुम्ही झोपेत सांगाल. बायको काय खाते, सांगता येत नाही?"

"ती... तिचे उपास असतेत," शेठ पुटपुटला. "बाकी आम्हीच तिला विचारून जेवतो, तिला कोण विचारणार?"

"कशाचे उपास?"

शेठ बायकोकडे बघू लागला. सोनूबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हा शरयू बोलली. आवाज चढवून नव्हे, हळूच.

"बाबा, तुम्ही वाटूरला गेल्तात, आठवतं? दहा दिवस पत्ता नव्हता. लोक काही बी सांगून जायचे. आई चुलीसमोर बसून म्हणाली, हे घरी येऊ दे, सोमवार, गुरुवार, शनिवार जन्मभर धरीन. मी बाजूलाच होते. कुणाला सांगू नको म्हणाली. नवस सांगितला की फळत न्हाई."

मडक्यात माझा एक बुडबुडा फुटला, तो खोलीभर ऐकू आला. मी आणि तिचा उपास एकाच दिवशी या घरात आलो होतो. एका पळसाच्या पानात बांधून मी, आणि तिच्या तोंडात बांधून तो.

"नऊ वर्षं," शेठ म्हणाला. "माझ्या पायी ही नऊ वर्षं उपाशी. अन् मी तिला खमीर पाजून राह्यलो."

त्यानं डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि मग त्याच्यातला व्यापारी उठून बसला.

"सोनू, नवस कुणाच्या जिवाचा?"

"तुमच्या."

"मंग उपास माझा."

"देवाशी सौदेबाजी करू नका!"

"सौदेबाजी न्हाई. माल ज्याच्या दारात पोचला, पोच त्यानंच द्यावी. सोमवार मी धरतो. गुरुवार, शनिवार देवाच्या पाया पडून सोडवून घेऊ. तो बी बालबच्च्यांचा धनी हाय, ऐकील."

"तुम्हाला? जमायचं न्हाई. तुम्हाला जेवायला घटकाभर उशीर झाला तर घर डोक्यावर घेता."

"समोर तई, तईत जिलेबी, अन् तोंडाला कुलूप. याहून मोठा उपास काशीत बी न्हाई."

सोनूबाईला हसू आलं. ओठाचे कोपरे चिरलेले, तेव्हा हसता हसता "आई गं" झालं. डॉक्टर म्हणाले, "शेठ, सोमवारी पाणी मात्र भरपूर प्या. पोट जरा उतरलं तर अंगठाही दुवा देईल."

दुसऱ्या दिवशी शरयूच्या खांद्याला धरून सोनूबाई देवळात जाऊन आली. गुरुवार-शनिवार सोडवताना खूप वेळ हात जोडून बसली होती म्हणे. मी तिथं नव्हतो. पण परतली तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं ताट घेतलं, हे मी पाहिलं.

फोटोमागची बाटली बाहेर आली. जेवणानंतर गोळी आणि गोळीआधी जेवण, हा शरयूचा कायदा. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी. मलाही नवं काम मिळालं. डॉक्टर म्हणाले होते, "याला मैद्यातच कशाला कोंडता? ज्वारी-उडदाच्या पिठात घाला, फुगू द्या, आणि तव्यावर भाजून खा." तसं धिरडं होऊ लागलं. तापल्या तव्यावर मी चर्र करून मरायचो आणि कोठाराची कडी काढायचो. मरण्यात इतकं समाधान असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुकान उघडलं, पण चाखणार कोण? शेठनं पहिल्या गिऱ्हाइकालाच धरलं.

"मास्तर, जरा हे चाखा. आंबट किती झालं सांगा."

भुजंगरावांनी थेंब जिभेवर घेतला. "छान आहे. काय हे?"

"खमीर."

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एकदा मडक्याकडे पाहिलं, एकदा तईकडे, एकदा स्वतःच्या मिशीकडे. मग हळूच म्हणाले, "कळलं नाही नीट. अजून एक थेंब द्या." पुढं महिनाभर तेच चाखायचे. पण गडी भुकेला, कच्च्यातच "सोडा" म्हणून मोकळा व्हायचा. त्या महिन्यातल्या जिलेबीबद्दल मी काही बोलणार नाही.

दहा-बारा दिवसांत सोनूबाईच्या ओठांच्या चिरा भरल्या. जिभेची आग निवली. पण चव येईना. रोज ती चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायची आणि मान हलवायची. शेठ विचारायचा नाही. विचारून तिला दुखवायचं नाही, एवढं तो शिकला होता. नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहायचा.

मग एक सोमवार आला. शेठचा पाचवा की सहावा उपास. तूप तापलं होतं, मास्तर थेंबासाठी बोट पुढं करून उभे होते. सोनूबाई आतून आली, हातात धिरड्याचं ताट. ताट खाली ठेवलं, मास्तरांचं बोट बाजूला सारलं आणि कितीतरी दिवसांनी मला स्वतःच्या जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. मी जीव तोडून आंबट व्हायला बघत होतो, पण माझी वेळच झाली नव्हती. माझ्या हातात काही नव्हतं.

"काय म्हणतंय?" शेठनं फडकं हातात धरून विचारलं.

सोनूबाईनं डोळे उघडले. "कच्चं हाय अजून. दोन घटका थांबा."

मास्तर म्हणाले, "कुठं कच्चं? काल याच वेळेला मला तर बराबर लागलं."

"काल बी कच्चंच असंल," ती म्हणाली, आणि खरं सांगतो, काल मी कच्चाच होतो.

शेठनं फडकं खाली ठेवलं. दारात दहा गिऱ्हाइकं, तूप तापलेलं, त्याचं स्वतःचं पोट रिकामं. तो थांबला. सोनूबाई चूळ भरायला सवयीनं तांब्याकडे वळली, मधेच थबकली, आणि तिथंच पायरीवर बसून तिनं धिरड्याचा घास घेतला. "चटणीत मीठ जास्त झालंय," म्हणाली. शेठ इतका खूष झाला की सगळ्यांना सांगत सुटला, "ऐकलं का? मीठ जास्त झालंय!"

आता साठ साल आहे. परवाच्या एक मेला महाराष्ट्र झाला, तेव्हा आमच्या तईनं सकाळपासून दम घेतला नाही. शेठ सोमवार पाळतो. दिवस मावळेपर्यंत तोंडाला कुलूप, मग जे जेवतो ते विचारू नका. अंगठा वर्षातून एखाद्या वेळी आठवण देतो. शरयूला मुलगी झाली, आणि सासूनं बांधलेला तो बाळंतविडा शेवटी तिच्याच कामी आला.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं. मला जिता ठेवा तो मडक्यात. पोटात धाडाल तेव्हा आधी आगीतून जाऊ द्या. कुणी म्हणेल खमीर विष आहे, कुणी म्हणेल अमृत आहे. दोघांनाही हसून जिलेबी द्या आणि डॉक्टरला विचारा. आणि कडूबाची ती तळातल्या पळीची गोष्ट विसरू नका. घरात सगळ्यांना वाढून जी मोकळी होते, तिच्यासाठी तळाला काही उरलंय का, एवढं भांडं कलंडवून बघत जा.

चला, भट्टी पेटली. सोनूबाई बोट पुढं करून येतेय. आज मी वेळेवर आहे, मला माझं कळतं. पण सांगायचं तिनं.

"काय म्हणतंय?"

"सोडा."